गोळीकाकांची डबी

मित्रांनो, माझ्या गळ्यात सुतळीने चिठ्ठी बांधली आहे, म्हणून मला कुणी मोठी समजू नका. मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. माझ्या झाकणावर मफलर गुंडाळलेल्या माणसाचं चित्र आहे, पण त्याचं नाक केव्हाच घासून गेलं. सध्या मी पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, फुटक्या मोबाइलच्या आणि गंजक्या सुरीच्या मध्ये पडून आहे. या फळीवर कुणी कुणाशी बोलत नाही. प्रत्येकाला आपापली लाज पुरते.

कारखान्यात एका मोठ्या यंत्राने पत्रा दाबून मला घडवलं. माझ्यात घशाच्या गोळ्या भरल्या आणि मी एका औषधाच्या दुकानात आले. गोळ्या संपल्या तेव्हा माझी रवानगी कचऱ्यातच व्हायची. पण दुकानातल्या फार्मासिस्टने मला उचललं, धुतलं, पुन्हा गोळ्या भरल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. रस्त्यात एखादं पोर खोकताना दिसलं की ते थांबायचे आणि मला उघडायचे. म्हणून गल्लीतली मुलं त्यांना गोळीकाका म्हणायची. खरं सांगते, तेव्हा मला गर्व चढला होता. मुलं आधी माझ्याकडे बघून हसायची आणि मग काकांकडे.

काका जुन्या पद्धतीच्या दुकानात काम शिकले होते. तिथे औषधाची पूड तोलून एका वेळेची एक पुडी बांधायची असे. कड आत दुमडायची, टोक खोचायचं, कण सांडता कामा नये. ती सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. काकूंनी मिरपूड आणली तरी काका तिच्या पुड्या बांधून ठेवायचे.

"अहो, हे घर आहे, दुकान नाही," काकू हसायच्या.

"मोकळं ठेवलं की माप चुकतं," काका म्हणायचे.

मग एकदा दुकानातल्या शिडीवरून ते पडले आणि पाठ कायमची दुखावली. दिवसभर उभं राहून इतरांना औषधं द्यायची आणि घरी आलं की भिंत धरून बसायचं, असं सुरू झालं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप यायची, पण दुसऱ्या दिवशी हात थरथरायचे. थरथरत्या हाताने लोकांना औषध कसं द्यायचं? दुखणं ते कुणाला सांगत नव्हते, आणि कुणी विचारलंही नाही.

शेवटी त्यांनी कुणाकडून तरी थोडा गांजा आणला. तो कायद्याने मना आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मुलांच्या गोळ्या त्यांनी दुकानातल्या काचेच्या बरणीत काढल्या आणि मला रिकामं केलं. त्यानंतर मी एकाही मुलासमोर उघडले नाही. गांजाच्याही त्यांनी पुड्याच बांधल्या, एका संध्याकाळची एक, म्हणजे जास्त ओढला जाणार नाही. काकूंच्या हाती लागू नये म्हणून मला खिशातच ठेवलं. मला तो वास मुळीच आवडला नाही, पण काकांना झोप लागू लागली.

एका संध्याकाळी चौकात पोलिसांनी त्यांची स्कूटर अडवली. मागचा दिवा बंद होता, एवढंच. हवालदाराचा घसा धुळीने बसला होता. त्याची नजर खिशातून डोकावणाऱ्या माझ्यावर पडली.

"घशाच्या गोळ्या ना? द्या बरं एक."

काकांनी खोटं बोलायला हवं होतं का, ते मला सांगता येत नाही. त्यांना ते जमायचंच नाही.

"यातलं नको, साहेब," ते म्हणाले.

हवालदाराने मला उघडलं. ओळीने लावलेल्या पुड्या बघून तो म्हणाला, "वा! कुणाला विकता?"

बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुकानाच्या मालकांनी हात वर केले. गल्लीतल्या आया दारात येऊन म्हणाल्या, "याच डबीतून आमच्या पोरांना द्यायचात ना?" काका बरणीची गोष्ट सांगत राहिले. कुणी ऐकून घेतलं नाही.

वकीलबाईंनी त्यांना समजावलं. "पुड्यांमुळे विक्रीचा गुन्हा लागेल, काका. स्वतःपुरता होता असं कबूल करा. किरकोळ गुन्हा आहे, दंड भरून सुटाल."

"आणि माझं फार्मासिस्टचं लायसन?"

"न्यायाधीशांनी नुसती समज देऊन सोडलं तर वाचेल. नुसता दंड झाला तरी गेलं."

काकांनी कबूल केलं. कोर्टात मला टेबलावर ठेवलं होतं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "स्वतःसाठी होता, तर पुड्या कशाला?"

"सवय आहे, मॅडम. मोकळं ठेवता येत नाही."

न्यायाधीशबाईंनी एक कागद पुढे केला. काकांनी हळूहळू घड्या घातल्या आणि पुडी टेबलावर ठेवली. बाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि त्यांना पटलं. विक्रीचा आरोप गेला. मला वाटलं, सुटलो! पण कायदा मोडला तो मोडलाच, असं म्हणून त्यांनी किरकोळ दंड केला. समज देऊन सोडलं नाही. काकांनी मान डोलावली. त्यांचं लायसन गेलं. पुन्हा कुठल्याच दुकानात ते औषध देऊ शकणार नाहीत.

परवा काकू इथे आल्या होत्या.

"आतलं जाळा हो," त्या कारकुनाला म्हणाल्या, "पण डबी तरी द्या."

"डबीसकट नष्ट करा असा हुकूम आहे, काकू."

त्यांनी मला क्षणभर हातात घेतलं. पदराने माझं झाकण पुसलं आणि परत फळीवर ठेवलं.

"हल्ली ते मिरपूडसुद्धा मोकळीच ठेवतात," त्या म्हणाल्या. कारकुनाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि पत्र्याला रडता येत नाही याचं पहिल्यांदा वाईट वाटलं.

मित्रांनो, लवकरच मला भट्टीत टाकतील. माझ्यासाठी काही करू नका. तुमच्या घरात कुणी भिंत धरून बसत असेल, तर त्याला काय दुखतं ते वेळेवर विचारा. आणि गोळीकाका रस्त्यात दिसले, तर आईचा हात धरून पलीकडे जाऊ नका. त्यांच्याजवळ उभं राहून नुसतं एकदा खोका. त्यांचा हात खिशाकडे जाईल. खिशात काही नसेल, पण तुम्ही लगेच निघून जाऊ नका.