व्होर्गथ्राक्सची गुहा आणि लाल चौकोन

ऑरिन टेस्डाल तेरा वर्षांचा होता तेव्हापासून त्याचा ड्रॅगन तयार होता. नाव व्होर्गथ्राक्स. धान्याच्या कोठाराएवढं धड, काळेकुट्ट खवले, तोंडातून ज्वाळा आणि बुडाखाली सोन्याचा डोंगर. अडचण एकच होती, आजवर त्याच्यापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

खेळ तसा साधा. एकजण मास्तर होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात, आपण काय करतो ते बोलतात, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आठवड्याला एक बैठक, असं वर्ष-दोन वर्षं चालतं. आणि घोडं पेंड खातं ते इथेच. खेळायला होकार सगळे देतात, येत कुणी नाही. कुणाचं लग्न ठरतं, कुणाचं मोडतं, कुणाला ऐन वेळी मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर जायचं असतं. शाळेतल्या मित्रांपासून ऑरिनने किती टोळ्या जमवल्या! प्रत्येक टोळी डोंगराच्या पायथ्याशी कधीतरी विरून गेली, आणि व्होर्गथ्राक्स बिचारा आत बसून राहिला.

शेवटी ऑरिनने फर्निचरच्या दुकानातली नोकरी सोडली आणि इंटरनेटवर, माणशी पैसे घेऊन खेळ चालवायला लागला. डलूथमधल्या नातेवाइकांना वाटलं, ह्याला हाव सुटली. हाव कसली! फुकट बोलावलेला माणूस नुसती शिंक आली तरी दांडी मारतो आणि पैसे भरलेला माणूस अंगात ताप घेऊन येतो, हे ज्ञान त्याला जरा उशिरा झालं होतं, एवढंच.

"गोष्ट सांगायचे लोक पैसे घेतात, हे मी समजू शकते," त्याची बायको कारिन म्हणाली होती. "पण तू घेतोस ते ऐकणाऱ्यांनी पळून जाऊ नये म्हणून. ह्याला ओलीस ठेवणं म्हणतात, ऑरिन."

पण युक्ती लागू पडली. तीन ओलीस दर रविवारी चर्च आटोपलं की बरोब्बर पडद्यावर हजर व्हायचे. फार्गोच्या मार्लिस हेगबाई, दाताच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्या खेळात जादूगारीण होत्या. वेड कोवाल्की, बर्फ उपसायची गाडी चालवणारा, आडदांड अंगाचा आणि मऊ बोलण्याचा, तो तलवारबहाद्दर. आणि करसल्लागार सिमियन प्रूट, जो खेळात चोर होता आणि चोरलेल्या वस्तूंबद्दल सगळ्यांची माफी मागत असे. तिघंही ऑरिनच्याच मुलखातले, अमेरिकेच्या बर्फाळ उत्तरेतले. ह्या मुलखात नाही म्हणायची पद्धत नाही. जेवण घशाखाली उतरत नसलं तर माणूस "वेगळंच झालंय हं!" म्हणतो आणि पुन्हा वाढून घेतो. पाहुणा निघायला उठला की दारात, मग अंगणात, मग गाडीच्या काचेतून निरोप चालतो, पण "मला आता घरी जायचंय" हे कुणाच्या तोंडून निघत नाही.

अशा लोकांपुढे लाल चौकोन आला.

ज्या संकेतस्थळावरून ऑरिनला गिऱ्हाइकं मिळत, तिथला तो नियम होता. प्रत्येक खेळाडूच्या पडद्यावर कोपऱ्यात एक लाल चौकोन. गोष्टीत जे काही चाललंय ते सोसवत नसेल तर तो दाबायचा. सगळ्यांचे पडदे लाल होतात, तेवढं खेळातून बाद, आणि खेळ पुढे चालू. कुणी दाबला ते दिसत नाही. का दाबला ते विचारायचं नाही. मास्तरालासुद्धा एक चौकोन असतो, पण दुकानदार आपल्याच दुकानात तक्रार कशाला करेल? पहिल्या दिवसापासून तो चौकोन कुणी दाबला नव्हता. नाही म्हणायचं, आणि तेही सर्वांसमोर? छे!

आणि आज, एका गारठलेल्या रविवारी, ती मंडळी गुहेच्या तोंडाशी उभी होती.

तळघरात हिशेबाने दिवे मंद करून ऑरिन बसला होता. जिन्याच्या पायथ्याशी बर्फाने भिजलेले बूट रांगेत होते. टेस्डालांच्या घरात बूट घालून कुणी आत आलेलं चालत नसे, मग तो कोणीही असो. ह्या क्षणासाठी तो गाडीत एकटा असताना घसा बसेपर्यंत ड्रॅगनची गर्जना घोटत आला होता. आज ही माणसं आत गेली, त्यांनी व्होर्गथ्राक्सला एकदा डोळे भरून पाहिलं आणि हातघाईच्या लढाईत मारलं, की त्याचं समाधान होणार होतं. त्याला दुसरं काही नको होतं.

"तुम्ही आत पाऊल टाकता," तो खर्जात म्हणाला. "डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार..."

पडदा लाल झाला.

ऑरिनला आधी वाटलं, संगणक बिघडला. मग ध्यानात आलं. पडद्यावरचे तिघं देवळात बसल्यासारखे शांत होते.

"अरेरे," मार्लिसबाई जरा जास्तच घाईने म्हणाल्या. "मला तर अंधार आवडायचा बाई."

"मलाही," सिमियन म्हणाला.

"मला काहीच अडचण नव्हती," वेड म्हणाला.

नियम म्हणजे नियम. "अंधार असेल असं तुम्हाला वाटलं होतं," तो म्हणाला, "पण छताला मोठी भोकं आहेत. आत लख्ख ऊन पडलंय. आणि त्या उन्हात तुम्हाला दिसतात दोन जळते डोळे, नाकपुड्यांतून निघणाऱ्या ज्वाळा..."

पडदा लाल.

"अग्गोबाई," मार्लिसबाई म्हणाल्या.

आता आग बाद! पण पैसे घेतले होते, आणि तोंड वाकडं करणं धंद्यात बसत नाही. "ज्वाळा नाहीत," तो म्हणाला. "वाफ आहे. कोमट. तो पंख उघडतो..."

लाल.

पंख गेले. त्यामागून दात गेले. खवल्यांना नुसता हात लागला तोच खवलेही गेले. सोन्याचा डोंगर तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आधीच गेला. आयुष्यभर ज्यांनी नावडतं कालवण दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं, त्यांना नाही म्हणायचं यंत्र गवसलं होतं, आणि वर त्यावर आपलं नावही येत नव्हतं! बांध फुटला होता. प्रत्येक लालीनंतर तिघं एकमेकांकडे सहानुभूतीने पाहत, "बिचारा कोण असेल तो" अशा चेहऱ्याने, आणि पुन्हा पडद्याबाहेर कुणाचा तरी हात हलायचा.

कारिन धुवायचे कपडे घेऊन तळघरात उतरली ती जिन्यातच थबकली.

"काय झालं?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "मेला का ड्रॅगन?"

ऑरिनने आपला आवाज बंद केला. "मेला असता तर बरं झालं असतं! भादरून ठेवलाय त्याला. कोठाराएवढा म्हणायला गेलो तर तेही खपलं नाही. आता उखळाएवढा उरलाय."

"मग गर्जना कर. इतकी घोटलीस ना?"

"तीच करणार आहे," ऑरिन म्हणाला. त्याने आवाज चालू केला, छाती भरून घेतली आणि सगळी ताकद लावून गर्जला.

ती अर्धी झाली असेल, पडदा लाल झाला.

उरलेली अर्धी गर्जना ऑरिनने गिळली. त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. ते नुसतं ठसक्याचं नव्हतं. इतकी वर्षं मनात जपलेलं जनावर त्याच्याच गिऱ्हाइकांनी, अगदी सभ्यपणे, पिसं काढल्यागत सोलून ठेवलं होतं. तिघं वाट पाहत होते. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि मोठ्याने बोलायची सोय उरली नव्हती.

"या," तो हळू आवाजात म्हणाला. "आत या. बाहेर गारठा असेल."

"हे कोण बोललं?" वेडने विचारलं.

"व्होर्गथ्राक्स," ऑरिन म्हणाला. आणि पुढचे शब्द त्याच्याकडे कुठून आले ते त्यालाही कळलं नाही. "उन्हात दगडावर तो बसलाय. गुळगुळीत, लहानसा, थोडी वाफ सोडतोय. तो म्हणतो, फार लांबून आलात. मला वाटलं होतं, तुम्हीपण येणार नाही. पायथ्यापर्यंत बरेच येतात. त्यांचे आवाज इथवर ऐकू येतात. मी आवरून बसतो, आणि मग ते परत जातात."

जिन्यात कारिनने कपड्यांची टोपली हळूच खाली ठेवली.

"एकटाच असतो का रे हा?" मार्लिसबाईंनी विचारलं.

"आता नाही, असं तो म्हणतो."

सिमियनने घसा खाकरला. "माफ करा हं, पण... आपण ह्याला मारायला आलोय ना? म्हणजे, दोन वर्षं झाली. राजाला शब्द दिलाय. माफ करा."

"दिलाय खरा," वेड दुःखाने म्हणाला.

आणि इथे त्या मुलखाची दुसरी रीत आडवी आली. नाही म्हणता येत नाही, तसंच घेतलेलं काम अर्धवट सोडताही येत नाही. वेडने आजवर निम्म्यात सोडलेला रस्ता कुणी पाहिला नव्हता. "मी तलवार काढतो," तो पुटपुटला, "आणि मारतो. सॉरी, मित्रा." हे तो ड्रॅगनला म्हणाला. मग त्याने फासा टाकला.

फासा पडद्यावर गडगडला आणि थांबला. वीस.

विसाच्या वर काही नसतं. विसाला वाचवणारा मास्तर अजून जन्माला आलेला नाही. घाव बसणार, आणि उखळाएवढ्या, बिनदातांच्या, कोमट ड्रॅगनला एक घाव फार झाला. ऑरिनला हेच तर हवं होतं. ह्याच क्षणासाठी नोकरी सोडली होती, लोकांना ओलीस धरलं होतं. आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं: तलवार खाली येते. त्याचं तोंड उघडेना. हा मेला की पुढच्या रविवारी ह्यांनी यायचं कशाला? आणि ते सोडा, पण ह्याने कुणाचं काय वाकडं केलं होतं? त्याने तर या म्हटलं होतं.

ऑरिनचा हात माऊसकडे सरकला. धंद्याची अब्रू गेली तरी बेहत्तर. त्याने कोपऱ्यातल्या लाल चौकोनावर बाण आणला आणि बोट उचललं.

बोट टेकायच्या आधीच पडदा लाल झाला.

ऑरिन बघतच राहिला. बोट अजून हवेत होतं. त्याने एकेक चेहरा न्याहाळला. मार्लिसबाई चष्मा पुसत होत्या. सिमियन छताकडे पाहत होता. वेडने मान खाली घातली होती आणि त्याचे कान लालभडक झाले होते, पण त्याचे कान थंडीतही तसेच होत. विचारायचं नव्हतं. कधीच विचारता येणार नव्हतं. ऑरिनने बोट हळूच मागे घेतलं.

"अरेरे," मार्लिसबाई म्हणाल्या. "इतका छान फासा पडला होता तुझा, वेड."

"चालायचंच," वेड म्हणाला, आणि त्याने भलामोठा श्वास सोडला. "मारणं बाद, तर बाद."

"राजाला मी एक माफीचं पत्र लिहीन," सिमियन म्हणाला. त्यात त्याचा हातखंडा होता.

मग कुणालाच पुढे काय करायचं ते सुचेना. लढाई नाही, सोनं नाही, आग नाही. उन्हाने भरलेली एक गुहा आणि आत चार जण.

"मी पुढच्या वेळी खायला काहीतरी आणीन त्याला," मार्लिसबाई म्हणाल्या. "मऊसं. दात नाहीत ना."

"ऑरिन," वेडने संकोचत विचारलं, "माझ्या हातात ही तलवार तशीच आहे. कुठे ठेवू?"

ऑरिनने जिन्याकडे पाहिलं. कारिन पायरीवर बसून ऐकत होती. तिने बुटांच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"व्होर्गथ्राक्स म्हणतो," ऑरिन हळू आवाजात म्हणाला, "दाराशी ठेव. बुटांजवळ. आणि बूटही काढ, वेड, सगळ्यांनीच काढा. आता बसायचंय."