माझ्या पोटातली गुणगुण

मित्रांनो, मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालात की वैशाखरे गाव लागते. तिथे एका कौलारू घराच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली मी उभी असते. रंगाने लाल, उंचीने बुटकी आणि बसायला फक्त दोन जागा. मी शर्यतीच्या घाटणीची गाडी आहे. शर्यत मात्र मी कधी पाहिली नाही.

१९९४ साली एका लहान कारखान्यात मी तयार झाले. मुरबाडच्या एका कारखानदाराने मला हौसेने घेतले. त्याची हौस लवकर फिटली आणि मी गोदामामागे पडून राहिले. माझ्या सीटमधला काथ्या उंदरांनी नेला. पुढे मालक गाव सोडून गेला आणि जाताना मला भगीरथला देऊन गेला. भगीरथ त्याच्याकडे फिटर होता.

भगीरथने मला घरी आणले तेव्हा त्याची बायको रंभा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"अवो, यात दोनच माणसं बसणार? आन् भाताचं पोतं कुठं ठेवायचं, टपावर?"

"टप तरी कुठं आहे हिला?" भगीरथ म्हणाला. "आन् आपण किती आहोत गो? दोनच ना!"

त्यांना मूलबाळ नव्हते. मग त्यांनी मलाच वाढवले म्हणा. भगीरथने माझे इंजिन उघडून साफ केले. रंभाने जुन्या लुगड्याच्या घड्या घालून सीट शिवल्या. धसईच्या बाजाराला ती डाव्या बाजूला ऐटीत बसून जाई. लोक हसले तर तीही हसे. रस्ता जरा सरळ लागला की म्हणे, "आणखी पळवा ना! एकदा पोटभर पळू द्या हिला. दाव्याला बांधलेल्या गायीसारखी चालवता."

"खड्डे दिसत नायत का तुला?"

"खड्डे मला दिसतात. तुमचं भ्याव बी दिसतं."

२००४ साली भाताची कापणी चालू असताना रंभाला ताप आला. त्या तापातून ती उठली नाही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळे झाडावर बसून होते, पण एकही खाली उतरेना. नातेवाइकांनी हात जोडून नाना वचने दिली. शेवटी भगीरथ पुढे झाला आणि म्हणाला, "तुझी गाडी पोटभर पळवीन." तरीही कावळा शिवला नाही. ऊन चढले तेव्हा दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि माणसे घरी परतली.

रंभाची इच्छा अडकली आहे, असे सगळ्यांनी धरले. भगीरथची थोरली बहीण सकुबाई शेजारीच राहते. तिने त्याच दुपारी माझे झाकण उघडले. एका तारेत लिंबू, मिरच्या आणि बिब्बा ओवला आणि ती तार इंजिनाजवळच्या एका रबरी नळीला घट्ट पिळून बांधली. तोंडाने काहीतरी पुटपुटली. मग झाकण लावून निघून गेली.

बिब्ब्याचे तेल कातडीला लागले तर फोड येतात, हे तुमच्या आजीला विचारा. माझ्या उष्णतेने ते तेल सुटले. तारेने नळी काचली आणि तिथे तेल मुरत गेले. नळीला बारीक चीर गेली.

तेव्हापासून भगीरथने माझ्या वेगाच्या पॅडलवरचा पाय हलका केला की चिरेतून हवा आत ओढली जाई आणि गुणगुण सुरू होई. बाई काम करता करता तोंड मिटून गाते तशी.

पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा भगीरथने मला रस्त्याच्या कडेला उभे केले. डाव्या सीटकडे बघत तो बराच वेळ बसला. मग रोज मला बाहेर काढू लागला. उतारावर पाय हलका करायचा आणि ऐकायचे, एवढेच. कोणाशी बोलणे नाही. सकुबाई ताट आणून ठेवी, ते तसेच राही.

ती माझी जखम आहे हे मला ठाऊक होते. पण खरे सांगते, इंजिन बंद असतानाही भर दुपारी मला ती गुणगुण ऐकू येऊ लागली. तेव्हा नळीत हवा ओढली जात नाही. मग ते काय होते, मला आजही सांगता येत नाही.

वर्ष सरले तरी नदीवरचे वचन भगीरथला टोचत होते. मला पोटभर पळवायला इथे रस्ता नव्हता. तेव्हा कोणीतरी त्याला डायनोबद्दल सांगितले. जमिनीत जाड लोखंडी रोलर बसवलेले असतात. त्यावर चाके ठेवून गाडी पट्ट्यांनी जखडतात. गाडी जागच्या जागी पूर्ण ताकदीने धावते, चाकांवर किती जोर येतो ते यंत्र दाखवते, आणि त्यावरून इंजिन जुळवतात.

भगीरथ तयारीला लागला. तेल बदलले. प्लग घासले, पट्टा नवा घातला, रेडिएटरमधला भाताचा भुसा पाण्याने काढला. टायरच्या खाचांत अडकलेले खडे एकेक करून उकरले, कारण रोलरवर ते गोळीसारखे उडतात. त्या नळीपाशी मात्र त्याचा हात गेला नाही. गुणगुण तिथून कुठूनतरी येते हे फिटरच्या कानाला कळत असणार. त्याला ते बघायचे नव्हते.

आधी तो भिवंडीच्या रस्त्यावर डायनो चालवणाऱ्या विपुलकडे गेला.

"टेन्शन नाय घ्यायचं, काका," विपुल म्हणाला. "सकाळी गाडी सोडा, संध्याकाळी घोडा घेऊन जा."

"हिचा एक आवाज आहे. तो राहायला हवा."

"आवाज? डबल करून देतो ना!"

भगीरथला हा माणूस पसंत पडला. तरी परतताना तो वाशिंदला दुसऱ्या डायनोवाल्याच्या, सावळारामच्या शेडमध्ये डोकावला. सावळारामने रोलर दाखवायच्या आधी प्रश्नच सुरू केले. ब्रेक कसा लागतो? पॅडल कडक होतं का? हा आवाज कधीपासून?

"दहाव्यापासून," भगीरथ म्हणाला.

"कसल्या दहाव्यापासून?"

"बायकोच्या."

सावळारामने इंजिन चालू ठेवूनच झाकण उघडले. काळे पडलेले लिंबू बाजूला केले आणि नळीवरच्या चिरेवर बोट दाबले. गुणगुण थांबली.

"बोट काढा," भगीरथ म्हणाला.

"भाऊ, ही नुसती हवा आहे."

"काढा म्हणतो ना!"

बोट निघाले. गुणगुण पुन्हा आली. भगीरथने डोळे मिटून घेतले.

"ही नळी ब्रेकची आहे," सावळाराम हळू आवाजात म्हणाला. "घाटात फाटली तर पॅडल दगडासारखं होईल. आन् चीर असताना मोजलेली ताकद खोटी. ही बदलल्याबिगर मी गाडी रोलरवर घेणार नाय. दुसरा कोण घेत असंल तर खुशाल जा."

भगीरथ रागाने निघाला. पण तारेचा पीळ बहिणीच्या हातचा आहे, हे त्याने ओळखले होते. घरी येताच त्याने सकुबाईला गाठले.

"बाय, तिला हाकलायला बांधलंस ना तू?"

सकुबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"माझी काय ती वैरीण होती? एका ताटात जेवलो आमी. ती गेली, तिला कोण अडवणार? तिनं तुला ओढून नेऊ नये म्हणून बांधला रे बिब्बा. आन् तू तर बसल्या जागीच निघून गेलास. जेवत नायस, बोलत नायस. सांग, कोणासाठी रांधू मी?"

भगीरथ उंबऱ्यावर बसला. मग सूप पुढे ओढून तोही तांदळातले खडे वेचू लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाशिंदला गेलो. जुनी नळी भगीरथने स्वतःच्या हाताने काढली आणि नवी बसवली. मला रोलरवर जखडले. मित्रांनो, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पोटभर पळाले. शेडचे पत्रे थरथरले. धावून धावून मी होते तिथेच होते, पण माझ्यातले काहीही राखून ठेवले नाही. इंजिन बंद झाल्यावर इतकी शांतता झाली की मलाच भीती वाटली. भगीरथ कान देऊन उभा होता. काहीच ऐकू आले नाही.

पुढच्या बाजाराला त्याने सकुबाईला डाव्या बाजूला बसवले. ती पदर आवळून, दार घट्ट धरून बसली.

"हळू चालव रे मेल्या!"

उतारावर भगीरथने पाय हलका केला. फक्त टायरचा आवाज. त्याने ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले.

"काय झालं?" सकुबाईने विचारले.

भगीरथचा चेहरा वाकडा झाला. "रंभा असती तर म्हणाली असती, आणखी पळवा," तो म्हणाला. ती गेल्यापासून तिचे नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

"म्हणाली असतीच," सकुबाई डोळे पुसत म्हणाली. "आगाऊच होती ती." मग बाजार येईपर्यंत दोघे तिच्याबद्दलच बोलत राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल, सायकल असेल, शिवणयंत्र असेल, आणि त्यातून नवा आवाज आला, तर तो कोणाचाही वाटो, झाकण उघडून बघा. आमची दुखणी आठवण म्हणून जपू नका. ज्यांची आठवण येते त्यांचे नाव तुम्हीच मोठ्याने घ्या. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला येते.