मण्यांनी दाबलेली थरथर

ईश्वरदासचा बाप उमरेडला हातमाग चालवायचा. ईश्वरदास मात्र हुडकेश्वरच्या नाक्यावर ट्रकची चाकं बॅलन्स करायचा, तेही मशीनशिवाय. चाक जॅकवर उचलून हलकेच फिरवायचा. जड बाजू दर खेपेला खाली येऊन थांबली की तिथे खडूची खूण करायचा आणि समोरच्या बाजूला शिशाचा तुकडा बसवायचा. फारच थरथर असली तर टायरमध्ये काचेचे बारीक मणी ओतायचा. चाक फिरलं की मणी आपली जागा आपणच धरत.

मार्चमध्ये धाकट्या बहिणीचा, काजलचा नवरा चेतन ट्रक घेऊन आला.

"दादा, साठच्या वर गेलं का स्टेअरिंग थरथरते. मणी टाकून द्या."

चाक उचलताच ईश्वरदासच्या हाताला ढिलाई लागली. ज्या पिनीवर चाक वळतं तीच झिजली होती.

"जावईबापू, पिन बदला लागते. दिवसभराचं काम आहे."

"आल्यावर पाहू. काटोलले संत्रा थांबून राहिला."

ईश्वरदासने मणी ओतले. चेतन एक चक्कर मारून खुशीत परतला. "काहीच हालत नाही आता," म्हणाला आणि निघून गेला.

त्याच दिवशी काटोलच्या अलीकडे वळणावर पिन तुटली. ट्रक पुलियाच्या कठड्यावर आदळला. चेतन जागीच गेला. पंचनाम्यात भरधाव वेग लिहिला.

महिन्याभराने भरदुपारी काजल दुकानात आली.

"दादा, सासूबाई म्हणते, त्यायनंच गाडी पळवली. तू तं चाक पाहिलं होतं नं?"

गप्प राहिला असता तर कोणाला कळलं नसतं. ईश्वरदासने हातातला पाना खाली ठेवला.

"पिन खराब होती, काजल. मले समजलं होतं. मण्यानं थरथर दबली, त्याले वाटलं गाडी सुधरली. थरथरत राहिली असती तं धीरे चालवली असती त्यानं."

"मंग थांबवलं काहून नाही?"

"जावयाले नाही म्हणाची हिंमत झाली नाही वं."

"हेच सासूबाईच्या समोर सांगशील?"

तो तसाच, काळ्या हातांनी, तिच्यासोबत ऑटोत बसला. चेतनच्या आईसमोर, जिजाबाईसमोर, त्याने सगळं सांगितलं. म्हातारी पदर तोंडाला लावून रडली. मग सुनेला जवळ ओढून म्हणाली, "माह्या लेकाची चूक नोहती."

ईश्वरदास निघाला तेव्हा काजल दारापर्यंतही आली नाही. भाऊबीजेला तो दिवसभर तिची वाट पाहत घरी बसला. संध्याकाळी जनाबाईने, त्याच्या बायकोने, ओवाळणीसाठी मांडलेला पाट उचलून ठेवला.