घंटा ऐकू येईपर्यंत

सांज कलली की आंजेलमायच्या कपेलची घंटा वाजे, आणि घंटेच्या आधी किरकिर ऐकू येई. दोरी गंजलेल्या कडीला घासायची, आणि मग तो करडा, किंचित फुटका नाद मिरचीच्या वाफ्यांवरून, माडांच्या शेंड्यांमधून, आमच्या न्हाणीच्या निळ्या धुरातून हळूहळू पसरत परसापर्यंत यायचा. अस्ताला निघालेल्या सूर्याचा तिरपा उजेड दोरी ओढणाऱ्या आंजेलमायच्या एका गालावर पडलेला असे. दोरी धरलेल्या हातांची कातडी सैल झालेली, पण पकड मात्र घट्ट. आणि ओठ असे हलत असत की ती देवाशी बोलते आहे की घंटेला दटावते आहे, हे कळू नये. आता दोरी नवी आहे, कडीला कुणीतरी तेल घातलं आहे. किरकिर नसलेली ती घंटा मला अजून परकी वाटते.

आमच्या पेडण्यात ख्रिस्ती वस्ती विरळ, आणि वाड्यावर तर त्यांची चार-पाचच घरं. त्यांचं चर्च म्हणजे हे एवढंसं कपेल, आमच्या गोठ्याहून थोडंसं मोठं. पाद्रीबाब नदीपलीकडच्या मोठ्या इगर्जीतून, मुख्य चर्चमधून, महिन्याकाठी एकदा यायचे. बाकीच्या दिवसांत देवाची झाडलोट, देवाची फुलं, देवाची किल्ली आणि देवाची काळजी, सगळं या विधवा बाईच्या कमरेला लटकलेलं. तिचं घर आमच्या वईला, परसाच्या कुंपणाला, लागून. मी आजऱ्याकडची, लग्न होऊन इथे आले, तेव्हा या वईवरूनच तिने मला पहिल्यांदा हाक मारली होती, "आगो घाटी सुने!" मला राग आला. मीही काही मूग गिळून बसणाऱ्यातली नव्हे. मी म्हटलं, घाट उतरून आले म्हणून तर तुम्हाला बरी शेजारीण मिळाली. ती इतकी हसली की खोकला लागला. त्या दिवसापासून आमचं जमलं.

दर हिवाळ्यात, भात कापून झालं आणि पहाटेच्या धुक्यात पोफळींची कुळागरं बुडू लागली, की सायबीण निघायची. सायबीण म्हणजे काचेच्या पेटीतली मरियेची लहानशी मूर्ती. ती एका कपेलकडून दुसऱ्या कपेलकडे जाते, आणि वाटेत वाड्यावाड्यावरच्या घरांत एकेक सांज टेकते. तिचे नेम आंजेलमायने मला वईवर कोपरं टेकून शिकवले होते. ती जिथे टेकेल तिथे प्रार्थना व्हायची आणि उकडलेले चणे वाटायचे. ज्याच्या घरी ती टेकली, त्यानेच तिला पुढच्या घरी पोचवायची. आणि शिवेवर तिला दुसऱ्या कपेलच्या हाती दिलं, की त्यांची घंटा ऐकू येईपर्यंत देणाऱ्याने पाठ फिरवायची नाही. तिसरा नेम सांगताना तिचा आवाज नेहमी थोडा खाली यायचा.

गोव्याचं राज्य व्हायच्या आधीचा तो हिवाळा मी विसरलेले नाही. राजभाषा मराठी की कोकणी, या एका प्रश्नावरून सारा गोवा दुभंगला होता. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे आमची मराठीवाली माणसं, पलीकडे कोकणीवाली, त्यांत बहुतेक ख्रिस्ती. दोन्हीकडे रस्त्यांवर झाडं आडवी पडलेली, दोन्हीकडे घशाच्या शिरा ताणलेल्या. वर्षानुवर्षं एकमेकांना विहिरीचं पाणी देणारी माणसं नजर चुकवून जाऊ लागली. आमचे हे मराठीचे कट्टर कैवारी. गावातून नदीकडे जाणाऱ्या तिठ्यावर किंदळाच्या झाडाचं भलंमोठं खोड आडवं टाकून त्यांची मंडळी दिवसभर बसायची, आणि मी त्यांना चहा पाठवायची. मराठी माझीही आईच आहे, त्यात लाज कसली? पण वईपलीकडे सायबीण अडकून पडली होती.

ती पूल बंद व्हायच्या आधी आमच्याकडे आली होती. आता तिने जायचं होतं नदीच्या वरच्या अंगाला, होडीतून पैलतीरी, डिचोलीकडच्या एका टेकडीवरच्या कपेलला. तिथे ख्रिस्ती घरं तीन. गेल्या साली छप्पर कोसळलं म्हणून सायबीण त्यांना वगळून पुढे गेली होती. मग यंदा आजूबाजूच्या साऱ्या कपेलांनी हात लावला. कुणी कौलं दिली, कुणी वासे दिले, आंजेलमायने आपल्या परसातला फणस तोडून दिला. छप्पर उभं राहिलं. पण त्या तीन घरांनी निरोप धाडला होता, की यंदाही सायबीण आली नाही तर आम्ही कुलूप लावून वास्कोला पोरांकडे जाऊ. देवाला नको असलेल्या जागी कशाला राहायचं? आंजेलमायने त्यांना शब्द दिला होता, "येतली." आता तो शब्द तिच्या मानेवर जूसारखा बसला होता.

वाड्यावरच्या चार-पाच घरांत सायबीण फिरून झाली आणि पुन्हा कपेलमध्ये येऊन बसली. मोठ्या इगर्जीतून पाद्रीबाबांचा माणूस आडवाटेने आला. मला वाटलं, मूर्ती परत द्या असा हुकूम असेल. तसं नव्हतं. पाद्रीबाबांनी कळवलं होतं, की शब्द तुम्ही दिला आहे, वाट तुम्हीच देवाला विचारा. तुम्ही विचाराल त्या सांजेला नदीच्या दोन्ही अंगांच्या साऱ्या कपेलांत तुमच्यासाठी मेणबत्ती लागेल. नदीकाठच्या कपेलवाल्यांनी सांगितलं होतं, तरीच्या धक्क्यावर होडी तयार ठेवतो. आणि टेकडीवरची तीन घरं पैलतीरावर येऊन थांबणार होती. माझ्या मनात आलं, इथे माणसं रस्ते बंद करण्यात गुंतली आहेत आणि ही मूठभर, दूरदूर विखुरलेली माणसं एकमेकांना कशी धरून आहेत!

त्या सांजेला मी कपेलच्या दाराशी उभी होते. आत गुडघे टेकलेली माणसं, एकच मेणबत्ती, आणि एवढी शांतता की वितळलेलं मेण पितळेच्या ताटलीत पडल्याचं ऐकू यावं. कुणी भाषण केलं नाही, कुणाला साक्षात्कार झाला नाही. घरोघरचे आपापल्या परीने बोलले: एक म्हणाला, काजूच्या बागेतून गुपचूप नेऊ, दुसरी म्हणाली, थांबू, दिवस निवळतील. आंजेलमायच्या चेहऱ्यावर भीती स्वच्छ दिसत होती, तिने ती लपवलीही नाही. मग गुडघ्यावर हात देत ती उठली आणि म्हणाली, उद्या तिठ्यावरूनच जायचं.

दुसऱ्या दिवशी मी वईवरून तिला परोपरीने सांगितलं, "माय, बागेतून जा. तिठ्यावरची माणसं तापलेली आहेत. आमचे हे तिथेच आहेत, पण जमावात नवरा कुठला नि शेजारी कुठला?"

"घाटी सुने," ती म्हणाली, "सायबीण चोरून कशी वचतली? चोरून गेली जाल्यार ती पावली म्हूण कोण म्हणटलो?"

हात दाखवून अवलक्षण, मी मनात म्हटलं. पण पदर खोचून तिच्यामागून निघाले. मला घरात बसवेना.

उन्हं कलायला लागली होती. पुढे आंजेलमाय, छातीशी पेटी धरून. मागे दहा-बारा माणसं, चण्याचं पातेलं, आणि थरथरत्या आवाजांतलं गाणं. वाटेवरची दारं एकेक करून लोटली जात होती. तिठा दिसू लागला तसं मागचं गाणं विरत गेलं, आणि शेवटी एकट्या आंजेलमायचा बारीक, चिरका सूर उरला. खोडापलीकडे माणसं उभी राहिली. कुणाच्या हातात काठी होती, कुणाच्या हातात नुसतीच मूठ. माझे यजमान मध्ये उभे होते. मला पाहून त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

दाजी त्या मंडळींचे म्होरके, तिथे त्यांचा शब्द चाले. ते पुढे झाले. "माय, परत जा. आज इथून चिटपाखरू पलीकडे जाणार नाही. तुमच्या लोकांनी पलीकडे आमच्या माणसांना अडवलंय."

मागून कुणीतरी ओरडलं, कुणीतरी शिवी दिली. एक दगड कुठूनसा घरंगळत आला नि तिच्या पायाशी थांबला. कुणी फेकला की कुणाच्या पायाने उडाला, देव जाणे. ती वाद घालेल, रडेल, परत फिरेल, असं सगळ्यांना वाटत होतं. तिने पदराने खोडावरची साल झाडली आणि पेटी त्या आडव्या किंदळावर ठेवली. मग रस्त्यावरच गुडघे टेकले.

टेकली म्हणजे प्रार्थना आली. मागचे सारे गुडघ्यांवर आले, आणि विरलेलं गाणं परत उभं राहिलं. समोरची माणसं काठ्या धरून नुसती उभी. प्रार्थनेवर हात कोण उगारणार? ऊन काचेवरून परतून त्यांच्याच डोळ्यांत जात होतं आणि ते माना वळवत होते. प्रार्थना संपली. ती उठली, पातेलं घेतलं, आणि खोडापलीकडे हात लांबवून ओंजळी-ओंजळीने चणे वाटू लागली. बहुतेकांनी हात मागे घेतले. पण आमचे हे! लहानपणापासून दर हिवाळ्यात तिच्या हातचे चणे खाल्लेले. सवयीने ओंजळ पुढे झाली, आणि आपण काय केलं हे कळेपर्यंत दोन दाणे तोंडात गेलेसुद्धा.

आंजेलमायने पातेलं खाली ठेवलं.

"बाबल्या," ती त्यांना लहानपणच्या नावाने म्हणाली, "सायबीण तुमच्या खोडार टेकली. तू चणे खाल्लेस. आता पुढच्या घरा तिका कोण पावयतलो?"

नेम सगळ्यांनाच ठाऊक होता. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून ठाऊक नसणार कसा? ह्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजींच्या कपाळावरची शीर उडत होती. शेवटी दाजींनी तोंड फिरवलं आणि पुटपुटल्यासारखं म्हणाले, "टेकवून घेतलीस ना? मग पोचव तिला पुढच्या घरी. खोड मात्र हलणार नाही."

खोड हललं नाही. आमच्या ह्यांनी पलीकडूनच पेटी उचलून घेतली, म्हाताऱ्यांना दोघा-तिघांनी हात देऊन ओलांडवलं, आणि आम्ही नदीकडे निघालो. ह्यांचं मन बदललं वगैरे काही नाही. वाटभर ते कोकणीवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होते, मूर्ती मात्र दुधाच्या घागरीसारखी जपून धरलेली. ते मराठीचे कैवारी कालही होते, आजही आहेत.

तरीवर होडी होती. पैलतीरी तीन घरांची माणसं पाण्यात घोट्यांपर्यंत उतरून उभी होती. पेटी गेली, पोचली, आणि झाडीत दिसेनाशी झाली. आता फक्त घंटा राहिली. टेकडी उंच, वाट लांब, वारा उलटा. ऊन पाण्यावरून निघून गेलं, काठची खारफुटी काळवंडली, मागच्या बाजूने तिठ्यावरची आरडाओरड पुन्हा वाढू लागली. एकेकजण अस्वस्थ होऊन मागे पाहू लागला. आंजेलमाय हलली नाही. वाटेत पलीकडेही कुणी खोड टाकलं असेल तर, ही शंका प्रत्येकाच्या मनात होती आणि ती कुणी बोलून दाखवली नाही. हे पुटपुटले, "ऐकू नाही आली तर काय रात्रभर इथे उभं राहायचं?" गंमत म्हणजे तेही हलले नाहीत.

मग आली. इतकी क्षीण की कानांत ऐकू येण्याआधी ती आंजेलमायच्या खांद्यांत दिसली. ताठलेले खांदे एकदम खाली आले, आणि ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. मीही रडले. ह्यांनी नाक शिंकरलं आणि थंडीला दोष दिला.

पुढे भाषेचा निवाडा झाला, राज्य झालं, खोडं उचलली गेली, मोप्याच्या सड्यावर विमानं उतरू लागली. टेकडीवरच्या कपेलला अजून कुलूप लागलेलं नाही. आंजेलमाय मात्र एका हिवाळ्यात, सायबीण येऊन गेल्यानंतर, झोपेतच गेली. आमच्या कपेलला दफनभूमी नाही, म्हणून तिला पुलावरून मोठ्या इगर्जीत नेलं. सगळ्या कपेलांची माणसं आली होती. टेकडीवरच्या तीन घरांनी सर्वांत आधी खांदा दिला. शेवटची मूठ माती पडली, माणसं पांगू लागली, आणि आमचे हे मातीकडे तोंड करून तसेच उभे.

मी म्हटलं, "चला ना. दिवस मावळला."

"थांब गं," ते म्हणाले. "घंटा कुठे ऐकू आली अजून?"

आम्ही काळोख पडेपर्यंत उभे होतो. काळ माणसाला पैलतीरी सोपवतो, पण तिकडची घंटा अलीकडे ऐकू येऊ देत नाही. म्हणून इतकी वर्षं झाली तरी, सांज कलली की, मला आंजेलमायच्या कपेलकडे पाठ करून घरात जाता येत नाही.