नसलेल्या तळ्याकाठचं घर

"तळं कुठंय रे?"

गाडीतून उतरून पाठ सरळ करता करता ल्यूएलानं पहिल्यांदा हेच विचारलं. हार्लन तिच्या बॅगा काढायला डिकीत वाकला होता, तो तसाच वाकून राहिला.

"अरे, तळं! खिडकीतून दिसतं म्हणाला होतास ना?"

"सध्या आटलंय," तो डिकीतच बोलला. "यंदा पाऊस कमी."

दारात उभ्या असलेल्या ओपलनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत निघून गेली.

लेक मारिबेल, म्हणजे मारिबेल तळं, या नावाची ही वसाहत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात आखलेली होती. आखलेलीच म्हणायची. रस्ते होते, चौकाचौकांत पाट्या होत्या, एका रस्त्याचं नाव तर चक्क बोटहाउस रोड होतं. घरं मात्र तीनच. एक हार्लनचं, समोरचं आता त्याच्या बहिणीचं, ल्यूएलाचं, आणि तिसऱ्यात प्लॉट विकणाऱ्या कंपनीचं ऑफिस, तेही फक्त शनिवारी उघडणारं. बाकी नजर पोचेल तिथवर काटेरी झुडपं आणि वारा. पाणी हार्लन गावातून पिकअपवर टाकी लादून आणायचा.

टोलेडो शहरात त्यानं उभा जन्म सिटी बस चालवली होती. निवृत्त झाला त्या वर्षी या प्लॉटवाल्या कंपनीनं एका हॉटेलात फुकट जेवण घालून पडद्यावर चित्रं दाखवली होती: निळं पाणी, शिडाच्या होड्या, पाण्याकाठी घरं. हार्लन भाळला. घर विकायला काढलं तेव्हा ल्यूएलाचा नवरा एमिल सगळ्यांसमोर म्हणाला होता, "हार्लन, आधी वाळूत होडी हाकायला शीक बाबा!" अख्खं टेबल खो खो हसलं होतं. हार्लन ते हसू छातीत घेऊनच टोलेडोहून निघाला.

इथं पोचल्यावर ओपल गाडीतून उतरेचना. "परत जाऊ या," एवढंच ती म्हणाली. पण परत कुठल्या तोंडानं जायचं? पहिल्याच रविवारी त्यानं पेट्रोल पंपावरच्या फोनवरून बहिणीला सांगितलं, "झकास आहे गं. तळ्यावर संध्याकाळी बदकं येतात." मग दर रविवारी बदकं वाढत गेली.

पुढं एमिल गेला. एकटी पडलेली ल्यूएला एका रविवारी म्हणाली, "मीपण तिकडेच येते. तुमच्या समोरचं घर घेतेय." तेव्हा त्यानं सांगायला हवं होतं. प्रत्येक वेळी आज सांगायचंच असं ठरवून तो फोन उचलायचा आणि हवापाण्याच्या गप्पा मारून खाली ठेवायचा.

"तू सांगतोस की मी सांगू?" ओपल विचारायची.

"पुढच्या रविवारी सांगतो."

आणि एका रविवारी ल्यूएलानं सांगितलं, टोलेडोचं घर गेलं, व्यवहार झाला.

आज जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "आटलेलं का असेना, उद्या दाखव मला."

ओपलनं चमचा खाली ठेवला. "ल्यूएला, तळं नव्हतंच कधी. होणारही नाही."

ल्यूएला भावाकडे बघत राहिली. "आणि बदकं?"

हार्लननं नाही अशी मान हलवली.

"एमिल हसला होता, म्हणून?"

"हो."

"अरे, तो मेला. मग कुणाच्या नाकावर टिच्चून राहत होतास तू? माझ्या?"

ताटातलं तसंच टाकून ती उठली आणि समोर आपल्या घरात गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेना. तिचं दार वाळूनं अडकत होतं, ते त्यानं रंधा मारून नीट केलं. टाकीपासून तिच्या स्वयंपाकघरापर्यंत नळी टाकली. तो काम करायचा तेवढा वेळ ती आतल्या खोलीत बसून राहायची.

"चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं," तो ओपलला म्हणाला.

"तुला बरं वाटावं म्हणून का तिनं शिव्या घालायच्या?"



शनिवारी कंपनीचा डेल्बर्ट गिऱ्हाईक घेऊन आला. तरणं जोडपं होतं, बाईला दिवस गेलेले. डेल्बर्ट नेहमी हार्लनच्या अंगणापाशी गाडी थांबवायचा आणि म्हणायचा, "यांना विचारा, हे इथलेच." हार्लन हात हलवून "मस्त आहे" म्हणायचा. आजवर आलेल्या प्रत्येकाला त्यानं तसंच म्हटलं होतं. आपण फसलोय हे कुणाला कळू नये, एवढ्यासाठी.

समोर ल्यूएला ओसरीवरची वाळू झाडत होती.

"कसं काय वाटतं इथं?" त्या तरुणानं विचारलं.

हार्लनची जीभ सवयीनं वळली होती. त्यानं ती आवरली.

"घेऊ नका," तो म्हणाला. "पाणी नाही. तळं नाही. मी फसलोय."

डेल्बर्ट मोठ्यानं हसला. "आमच्या हार्लनला थट्टेची भारी हौस! अहो, इतकं वाईट असतं तर सख्ख्या बहिणीला समोर आणून बसवलं असतं का यानं?"

हार्लनला मान वर करायची सोय उरली नाही.

ती बाई रस्ता ओलांडून ल्यूएलापाशी गेली. "खरं काय ते तुम्ही सांगा ना."

ल्यूएलानं झाडू भिंतीला टेकवला. तिनं त्या बाईच्या पोटाकडे पाहिलं.

"तो माझा थोरला भाऊ आहे," ती म्हणाली. "तो म्हणतोय ते खरं आहे."

जोडपं गाडीत जाऊन बसलं. डेल्बर्टनं जाता जाता खिडकीतून डोकं काढलं, "हार्लन, उद्या हे घर विकायची वेळ आली तर माझ्याकडे येऊ नकोस हं!"

धुरळा खाली बसला. तेव्हा ल्यूएला हातात झाकलेली बशी घेऊन बाहेर आली. रस्त्याच्या कडेला ती थांबली, टोलेडोच्या रहदारीत थांबायची तशी, आणि तिनं डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे पार डोंगरापर्यंत काहीच नव्हतं. मग तिनं रस्ता ओलांडला.