दोऱ्याच्या आतली अंथरुणं

संध्याकाळ झाली की रस्त्यापलीकडच्या जुन्या वस्तीतली म्हातारी माणसं डोक्यावर गाद्या घेऊन कंपनीच्या वसाहतीत शिरत. कुणाच्या बगलेत उशी, कुणाच्या हातात कवळीची वाटी. वसाहतीच्या मैदानाभोवती दोरीबाबा नावाच्या एका बुवांनी लाल दोरा बांधला होता. त्या दोऱ्याच्या आत झोपलं की लकवा होत नाही, ही बातमी घरोघरी पोचली होती.

"माझ्यावर विश्वास ठेवूच नका," बाबा माइकवरून सांगत. "हा लकव्याच्या पेशंटांचा सरकारी नकाशा बघा. तुमची वस्ती लालभडक, ही वसाहत हिरवीगार. इथं लकव्याचा एक पेशंट नाही. गेटातून आत आलं की रक्त कसं शहाण्यासारखं वाहतं."

नकाशा खरा होता. तो रंगवणारा आरोग्य खात्यातला कारकून कडेला उभा राहून नखं खात होता. कुठल्या भागात किती वयाची माणसं राहतात, याचाही नकाशा त्यानं केला होता. पण साहेब म्हणाले, "एकच द्या हो, सुटसुटीत दिसतो." त्यानं दिला. वर साहेबांची शाबासकी घेतली. आता तोंड कुठल्या तोंडानं उघडायचं?

त्यातून पुढच्याच रांगेत त्याचा थोरला भाऊ गादी झटकत होता. दादा याच कंपनीत क्रेन चालवायचा, आता रिटायर.

"दादा, प्रेशरची गोळी घेतलीस?"

"हिरव्या जागेत गोळी कशाला? तूच तर रंगवलंस. तुझी वहिनी सगळीकडे सांगत फिरते, नकाशा आमच्या भावजींनी काढलाय म्हणून."

कारकुनानं उद्या सांगू, असं ठरवलं. आठवडाभर तो हेच ठरवत होता.

सकाळी मैदानातच दादाच्या हातातला चहाचा कप सुटला. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. लगेच दवाखान्यात नेला म्हणून थोडक्यात निभावलं, पण डावा हात जड पडला. "गोळ्या कधीपासून बंद आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वहिनीनं कारकुनाकडे बघितलं.

संध्याकाळी बाबांकडे उत्तर तयार होतं. "झोपेत त्यांची डावी बाजू दोऱ्याबाहेर गेली होती." लोकांनी माना डोलावल्या आणि गाद्या इतक्या आत सरकवल्या की दोन आजोबांच्या वाट्याला एकच उशी आली.

कारकुनानं माइक ओढून घेतला. "या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्यांपैकी साठीच्या पुढचं कोण आहे? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही.

"बघा," बाबा म्हणाले, "म्हातारपणसुद्धा आत यायला घाबरतं."

"येतं की. आलं की कंपनी हार घालते, घड्याळ देते आणि क्वार्टर खाली करून घेते. आईबापांना इथं ठेवायला तर परवानगीच नाही. मग ती माणसं जातात कुठं?"

"कुठं जाणार? आमच्या वस्तीत," काठी टेकत एक आजी म्हणाल्या. "आमचे हे अख्खी नोकरी त्या समोरच्या खोलीत राहिले. लकवा तिकडं राहायला गेल्यावर झाला."

"तोच लाल रंग," कारकून म्हणाला. "वसाहत हिरवी, कारण इथं बहुतेक तरणी माणसं. त्यांना लकवा होतच नाही असं नाही, पण कमी. वय वाढतं, प्रेशर वाढतं, साखर असते, तंबाखू असते, म्हणून तो गाठतो. दोरा त्याला अडवत नाही. वयाचा नकाशा मी दाबून ठेवला, चूक माझी. प्रेशर मोजून घ्या, गोळ्या सोडू नका. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर बाबा शोधू नका. तडक दवाखाना गाठा."

आजींनी आधी आपली गादी गुंडाळली. मग आजोबांच्या त्या जोडीत उशी कुणाची यावरून जुंपली. बाबा दोरा सोडवायला लागले, तर तो त्यांच्याच पायात अडकला.

कारकून हसला नाही. तो दवाखान्यात आला, तेव्हा दादा एका हातानं सदऱ्याचं बटण लावायची खटपट करत होता.

"हे तुला आधीपासून ठाऊक होतं?" दादानं जड जिभेनं विचारलं.

"हो."

दादानं बटण तसंच सोडलं. मग उजवा तळहात पुढं केला.

"गोळी दे."