स्वामींचे शंभर टक्के

मीटिंगच्या खोलीत खुर्च्या रिकाम्या होत्या आणि माणसं दाटीवाटीने उभी. बसून का कुणी चमत्कार बघतं? पुढे सल्लागार, डोळे मिटून, लॅपटॉपवर तळहात ठेवून. ऑफिसात त्यांना स्वामी म्हणत. आधी चेष्टेने, मग खरोखर.

"कोड घाबरलेला असतो," स्वामी पुटपुटले. "तुम्ही त्याच्यावर चाचण्या लादता. मी त्याला मोकळं करतो."

बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला: चाचण्यांत चाललेल्या प्रोग्रामच्या ओळी, शंभर टक्के. टाळ्या पडल्या. साहेबांचे तर डोळेच पाणावले.

मागे भिंतीला टेकलेली टेस्टर मात्र हातातला चहा प्यायचं विसरली. प्रोग्राम सलाइनच्या पंपाचा. नळीत हवा शिरली की भोंगा वाजवणाऱ्या ओळीची चाचणी अजून लिहिलेलीच नव्हती. ते काम तिचंच; वेळ मागून मागून तिचं तोंड दुखलं होतं. आणि पंप जाणार होते तिची नणंद नर्स होती त्याच वॉर्डात.

"साहेब, एकही चाचणी न चालवता आकडा मागू?"

"मागा ना ताई," स्वामी हसले. "अविश्वासाने आकडा पडतो, एवढंच."

तिने मागितला. यायला हवं होतं शून्य. आले शंभर!

"बघा, चाचण्यांशिवायसुद्धा!" कुणीतरी ओरडलं. आधीपेक्षा जोरात टाळ्या.

तिने कपाळावर हात मारला आणि फोल्डर उघडलं. "अहो, कुठली ओळ किती वेळा चालली, हे प्रोग्राम जिथे तयार केला तिथेच, त्याच्या प्रत्येक तुकड्याशेजारच्या फाइलीत साठतं. पुन्हा चालवलं की जुन्यात भर पडते. जुनं आपोआप पुसलं जात नाही. यांनी आधीच एकेक ओळ ढकलून चालवून ठेवलीय. उत्तर बरोबर आलं की चूक, बघितलंय कुणी?"

तिने त्या फाइली उडवल्या, सगळ्या चाचण्या चालवल्या. एकोणसाठ टक्के.

"हातात ऊर्जा लागते," स्वामींनी सुस्कारा सोडला. माना डोलल्या.

"ताई, त्या फाइली परत ठेवा," साहेब हळूच म्हणाले. "रिपोर्ट गेलाय. पंपही गेलेत."

"आणि भोंगा नाही वाजला तर?"

"शंभर आहे ना? मग वाजेल."

जिन्यात येऊन तिने नणंदेला फोन लावला.

"वहिनी, आले गं नवे पंप! शंभर टक्के तपासलेले म्हणे. आता जरा तरी पाठ टेकेन."

"टेकू नकोस. मी तक्रार करतेय, पण ती कुणी वाचेपर्यंत ते यंत्र ओरडेल म्हणून थांबू नकोस. कुणी कितीही टक्के सांगू दे, काय तपासलं आणि कसं, ते विचार. नळी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. प्रत्येकाची."



"अगं, अख्खा वॉर्ड आहे," नणंद म्हणाली. "आणि डोळे दोनच."